गावकऱ्यांनी, म्हणजे नेमकं कुणी?

26 जुलै 2019 च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, चामटोलीजवळ अडकली. उल्हास नदी पात्र सोडून बाहेर आली होती आणि रूळ पाण्याखाली गेले होते. गाडीत हजाराहून अधिक प्रवासी होते, त्यांत गर्भवती स्त्रिया होत्या, लहान मुलं होती. पुढे एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदलाची पथकं आली, वर हेलिकॉप्टरं घिरट्या घालू लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे प्रवासी सुखरूप बाहेर पडले. बोटी पोचण्याआधीही तिथे माणसं होती. आसपासच्या वस्त्यांमधले लोक पाण्यातून वाट काढत गाडीपर्यंत गेले, खायला-प्यायला दिलं आणि नंतर प्रवाशांना कोरड्या जागी आणायला हातभार लावला. त्या दिवसाच्या जवळजवळ प्रत्येक वृत्तांतात या मदतीचा उल्लेख आहे आणि बहुतेक ठिकाणी तो एकाच ओळीचा आहे: स्थानिक गावकऱ्यांनी मदत केली.

ही ओळ खरी आहे, पण तिच्या आधारावर कुठलाही पुरस्कार देता येत नाही. पुरस्काराच्या प्रस्तावाला नाव लागतं, वय लागतं, पत्ता लागतो. किती वाजता, कुठे, किती खोल पाण्यात आणि कुणाला वाचवलं हे लागतं. ‘गावकऱ्यांनी’ या एका शब्दात ती सगळी माणसं बुडून जातात. समाजसेवेचा किंवा शौर्याचा सन्मान ज्यांना मिळतो, त्यांचं काम मोठं असतंच. पण त्यांच्या शेजारी कुणीतरी लिहिणारा असतो, हेही तितकंच खरं. तो लिहिणारा कसं व्हावं, याबद्दल हा लेख आहे. इथे जवळच असलेल्या बारवी धरणाच्या परिसरात लिहिण्यासारखं खूप आहे आणि लिहिणारे फार थोडे आहेत.

वांगणी स्थानकावरचीच दुसरी घटना घ्या. 17 एप्रिल 2021 रोजी एका दृष्टिहीन आईचा हात सुटून तिचं मूल फलाटावरून रुळांवर पडलं. समोरून उद्यान एक्स्प्रेस येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके रुळांमधून धावत गेला, मुलाला वर ढकललं आणि स्वतः शेवटच्या क्षणी फलाटावर चढला. दोन दिवसांत देशभर त्याचं नाव झालं. रेल्वेनं पन्नास हजार रुपयांचं बक्षीस दिलं, त्यातला अर्धा वाटा त्यानं त्या आईला देऊ केला. शेळके यांचं धाडस असामान्य होतं. पण त्याची साक्ष सीसीटीव्ही कॅमेऱ्यानं दिली होती: वेळ, जागा, अंतर, गाडीचा वेग, सगळं चित्रात आलं होतं. चामटोलीच्या पाण्यावर असा कॅमेरा नव्हता. बारवीच्या पाड्यांवर, कोंडेश्वरच्या डोहाशी, धरणाच्या सांडव्याखालच्या खडकांवरही तो नाही. तिथे कॅमेऱ्याचं काम माणसालाच करावं लागतं.

या भागाची ओळख असायला हवी. बारवी नदीवरचं धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचं, म्हणजे एमआयडीसीचं. 1972 मध्ये ते उभं राहिलं आणि नंतर टप्प्याटप्प्यानं उंच केलं गेलं. धरणातून सोडलेलं पाणी नदीतून वाहत उल्हासला मिळतं, जांभूळजवळ उचललं जातं आणि शुद्ध होऊन अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली, ठाणे-बेलापूर पट्टा ते मीरा-भाईंदरपर्यंत जातं. लाखो घरांच्या नळाचं पाणी मुरबाड-अंबरनाथच्या डोंगरांतून येतं. त्या डोंगरांत ठाकूर आणि कातकरी पाडे आहेत, कुणबी-आगरी गावं आहेत, आणि धरणाची उंची वाढली तशी पाण्याखाली गेलेली तोंडली, काचकोली, मोहघर यांसारखी ठिकाणंही आहेत. 2019 च्या पावसाळ्यात धरण पहिल्यांदा वाढीव उंचीपर्यंत भरलं. शहरांना पाणी मिळावं म्हणून स्वतःचं गाव सोडणाऱ्या माणसांसाठी कुठल्याही पुरस्काराच्या अर्जात रकाना नाही. प्रकल्पग्रस्तांच्या मागण्या नोकरीच्या आणि पुनर्वसनाच्या आहेत, त्या हक्काच्या आहेत, आणि सन्मानपत्र हा त्यांचा पर्याय कधीच होऊ शकत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण सन्मान देऊन हक्काचा प्रश्न मिटवण्याची सवय आपल्याकडे नवी नाही.

पावसाळा आला की धरण, कोंडेश्वर, भोजचा परिसर आणि उल्हास नदीचे काठ यांकडे शहरातून गर्दी लोटते. जिल्हा प्रशासन दरवर्षी बंदीचे आदेश काढतं, तरी दुर्घटना होतात. बुडणाऱ्याकडे आधी धावतो तो बहुधा तिथलाच एखादा गुराखी, मासे धरणारा, चहाच्या टपरीवरचा मुलगा. अशा माणसांसाठी देशात 1961 पासून एक सन्मान आहे. जीवन रक्षा पदक हे त्याचं नाव. दुसऱ्याचा जीव वाचवताना दाखवलेल्या धैर्यासाठी तो दिला जातो आणि त्याच्या तीन श्रेणी आहेत. वाचवणाऱ्याच्या स्वतःच्या जिवाला अत्यंत मोठा धोका असेल तर सर्वोत्तम जीवन रक्षा पदक, मोठा धोका असेल तर उत्तम जीवन रक्षा पदक, आणि गंभीर शारीरिक इजेची जोखीम असेल तर जीवन रक्षा पदक. बुडणं, आग, विजेचा धक्का, दरड, अपघात, जनावराचा हल्ला, या सगळ्या प्रसंगांत केलेली मदत त्यात येते. पदकाबरोबर अनुक्रमे दोन लाख, दीड लाख आणि एक लाख रुपये मिळतात. मरणोत्तरही ते देता येतं. सैन्य, पोलीस किंवा अग्निशमन दलातल्या माणसानं कर्तव्यावर असताना जीव वाचवला असेल, तर तो या पदकाला पात्र ठरत नाही. म्हणजे हे पदक मुळातच साध्या नागरिकासाठी आहे.

आणि तरीही ते साध्या नागरिकापर्यंत क्वचित पोचतं, कारण शिफारस राज्य सरकारकडून केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जावी लागते. राज्याकडे ती जिल्ह्याच्या यंत्रणेतून जाते. जिल्ह्यात ती कुठून येणार? घडलेली घटना कागदावर आली असेल तरच. इथे आपल्या भागाची एक अडचण लक्षात ठेवण्यासारखी आहे. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर ही शहरं ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात, पण गावांचा भाग ठाणे ग्रामीण पोलिसांकडे आहे. एकाच ओढ्याच्या दोन काठांवरची नोंद दोन वेगळ्या ठाण्यांत असू शकते. म्हणून प्रसंग घडल्यावर पहिलं काम असतं नोंद कुठल्या ठाण्यात झाली आहे हे शोधणं आणि त्या नोंदीत वाचवणाऱ्याचं नाव आहे की नाही ते पाहणं. बुडालेल्याचं नाव असतं. वाचवणाऱ्याचं बहुतेक वेळा नसतं.

दुसरी अडचण काळाची आहे. जीवन रक्षा पदकासाठी घटना साधारण मागच्या दोन वर्षांतली असावी लागते. पुरातल्या माणसांबद्दल पाच वर्षांनी लेख लिहिता येतो, व्याख्यान देता येतं, पण पदकाचा प्रस्ताव करता येत नाही. चामटोलीची मुदत केव्हाच संपली. त्या आठवड्यात कुणी वही घेऊन वस्तीवर फिरलं असतं, कोण कुठल्या डब्यापाशी गेलं, कुणी दोर धरला, कुणाच्या खांद्यावरून मूल बाहेर आलं हे विचारलं असतं, तर किमान पाच-दहा नावं नक्की पुढे आली असती. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

घटनेची नोंद करताना काय लिहावं? विशेषणं सोडून बाकी सगळं. समजा, बारवीच्या खालच्या अंगाला एका तरुणानं दोन मुलांना पाण्याबाहेर काढलं. प्रस्तावात ‘अतुलनीय धैर्याचं दर्शन घडवत प्राणांची पर्वा न करता’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती काहीच येत नाही, कारण समोरच्या प्रत्येक अर्जात हेच शब्द असतात. त्याऐवजी असं लिहावं: पाऊस चालू होता, पाणी छातीच्या वर होतं, खाली शेवाळलेले खडक होते, तरुण पोहायला शिकलेला होता की नव्हता, दोर होता की नव्हता, पहिल्या मुलाला काठाला ठेवून तो पुन्हा आत गेला, दुसरा मुलगा किती अंतरावर होता, बाहेर आल्यावर त्याच्या पायाला किती टाके पडले. श्रेणी ठरते ती याच तपशिलांवरून. वाचवणाऱ्याला धोका किती होता, हाच त्या तीन पदकांमधला फरक आहे, आणि पाण्याची खोली लिहिली नसेल तर तो धोका कुणाला कळणार? सोबत दोन-तीन प्रत्यक्षदर्शींचे सहीचे जबाब, वाचलेल्या मुलाच्या घरच्यांचं पत्र, दवाखान्याचा कागद, जागेचा फोटो. वर्तमानपत्राचं कात्रण असेल तर उत्तम, पण कात्रणात नाव चुकीचं छापलं असेल तर तेही नमूद करावं, कारण पुढे पडताळणीत तेच आडवं येतं.

वाचवणारा मूलच असेल तर रस्ता वेगळा आहे. पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार आहे आणि त्यात शौर्याचा विभाग आहे. मुलांच्या शौर्याला देशपातळीवर सन्मान देण्याची रीत 1957 मध्ये सुरू झाली, तिची हकीकत आपल्या विषयाशी जुळणारी आहे. त्या वर्षी 2 ऑक्टोबरला दिल्लीच्या रामलीला मैदानावर शामियान्याला आग लागली. हरिश्चंद्र मेहरा या चौदा वर्षांच्या स्काउटनं आपल्याजवळच्या चाकूनं कापड फाडून लोकांना बाहेर पडायला वाट करून दिली. त्या कार्यक्रमात पंतप्रधान नेहरू हजर होते. डोळ्यांदेखत घडलं म्हणून त्याची दखल झाली आणि त्यातून मुलांच्या शौर्य पुरस्काराची प्रथा सुरू झाली. त्या मुलाला साक्षीदार म्हणून देशाचा पंतप्रधान मिळाला. मुरबाडच्या पाड्यावरच्या मुलाला शाळेचे मास्तर, सरपंच किंवा आशाताई मिळाल्या तरी पुरे आहे, फक्त त्यांनी लिहायला हवं.

रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्यांसाठीही सोय आहे आणि ती फारच कमी लोकांना माहीत आहे. अपघातग्रस्ताला पहिल्या मोलाच्या तासात रुग्णालयात पोचवून त्याचा जीव वाचवणाऱ्याला केंद्र सरकारनं 2021 पासून पाच हजार रुपये द्यायला सुरुवात केली, 2025 मध्ये ती रक्कम पंचवीस हजार झाली आणि योजनेला ‘राह-वीर’ हे नाव मिळालं. त्याची छाननी जिल्हा पातळीवर होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 अ नुसार अशा मदत करणाऱ्याला दिवाणी वा फौजदारी कारवाईपासून संरक्षण आहे. बदलापूर-कर्जत, काटई-बदलापूर, मुरबाड रस्त्यांवरचे रिक्षावाले आणि टेम्पोवाले हे काम वर्षानुवर्षं करत आले आहेत. जखमीला रुग्णालयात सोडून नाव न सांगता निघून जाण्याची त्यांची सवय पोलिसांच्या फेऱ्यांच्या भीतीनं लागली होती. आता नाव सांगण्यात धोका नाही, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

शौर्य एका क्षणाचं असतं. सेवा वर्षानुवर्षांची असते आणि तिची नोंद ठेवणं जास्त कठीण. पाड्यावरच्या बाळंतिणीला रात्री झोळीतून खाली आणणारी आशाताई, वणवा पेटला की जाळरेषा काढायला सगळ्यांत पुढे असणारा माणूस, सर्पदंश झालेल्याला मांत्रिकाकडे न नेता थेट ग्रामीण रुग्णालयात घेऊन जाणारा तरुण, यांच्या कामात एकही दिवस ‘बातमीचा’ नसतो. पंधरा वर्षांनी कुणी त्यांच्याबद्दल लिहायला बसतं आणि हाताशी एकही तारीख नसते.

अशा कामाचं नामनिर्देशन कसं उभं राहतं, याची दोन उदाहरणं महाराष्ट्रातच आहेत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेल्या या बाईंनी गावरान बियाण्यांचा सांभाळ केला, आणि त्यांच्या बरोबरीनं ‘बैफ’ ही संस्था उभी होती. वाणांची नावं, बियाणं किती घरांत गेलं, बियाणे बँक कशी चालते, याचे कागद त्यामुळे तयार झाले. दुसरं उदाहरण महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर. कोकणात विंचूदंशानं माणसं, विशेषतः मुलं, दगावत होती. प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना त्यांनी रुग्णांच्या नोंदी ठेवल्या आणि 1980 च्या दशकात ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. विंचवाच्या विषावर प्राझोसिन हे औषध वापरण्याचा मार्ग त्यातून रूढ झाला. त्यांना पद्मश्री मिळाली 2022 मध्ये. इतक्या उशिरानंही ती मिळू शकली, कारण चाळीस वर्षांपूर्वीचं काम तारखेसह छापून ठेवलेलं होतं.

आपल्या अगदी शेजारचं नावही सांगायला हवं. डोंबिवलीचे गजानन माने यांना 2023 मध्ये समाजसेवेसाठी पद्मश्री मिळाली. नौदलातून निवृत्त झालेल्या मान्यांनी कल्याणच्या पत्रीपुलाजवळच्या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत वर्षानुवर्षं काम केलं. लोकलनं त्या पुलाखालून रोज हजारो माणसं जातात. त्यांतल्या किती जणांना ती वसाहत माहीत होती?

पद्म पुरस्कार 1954 पासून आहेत, पण सामान्य माणसाला ऑनलाइन नाव सुचवता येऊ लागलं ते गेल्या दशकात. आज कुणीही नागरिक राष्ट्रीय पुरस्कार संकेतस्थळावर नामनिर्देशन करू शकतो, स्वतःचंसुद्धा. त्यासाठी शुल्क नाही. कामाचं वर्णन जास्तीत जास्त 800 शब्दांत बसवायचं असतं. मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालची समिती छाननी करते आणि मरणोत्तर व परदेशी नावं वगळता वर्षाला 120 पेक्षा जास्त पुरस्कार देता येत नाहीत. सरकारी नोकरीत असलेली व्यक्ती, डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडून, पात्र नसते. पुरस्कार म्हणजे पदवी नव्हे, नावापुढे तो लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्ये पुरस्कार वैध ठरवताना हे बजावून सांगितलं आणि तरी लेटरहेडवर आणि फलकांवर ‘पद्मश्री’ दिसतच राहतं. पद्म सहसा मरणोत्तर देत नाहीत, हेही लक्षात घ्यावं. सिंधुताई सपकाळ यांना 2021 ची पद्मश्री राष्ट्रपती भवनात नोव्हेंबर 2021 मध्ये हाती मिळाली आणि जानेवारी 2022 मध्ये त्या गेल्या. चाळीस वर्षांहून अधिक काळ अनाथांची आई झालेल्या बाईंना तो सन्मान इतका शेवटी मिळावा, यात दोष त्यांचा खासच नव्हता.

800 शब्द कमी वाटतात. पण थोडक्यात लिहिण्याचा प्रश्न जुना आहे. 1947 मध्ये नोबेल शांतता पुरस्कारासाठी गांधीजींचं नाव हिंदुस्थानातून गेलं ते तारेनं. पाठवणाऱ्यांत मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर होते, गणेश वासुदेव मावळंकर होते, गोविंद वल्लभ पंत होते. तारेच्या मोजक्या शब्दांत त्यांना आपलं म्हणणं मांडावं लागलं. गांधीजींना तो पुरस्कार कधीच मिळाला नाही, पण नामनिर्देशनाची कागदपत्रं नॉर्वेत जपून ठेवली गेली. नोबेलची नामनिर्देशनं पन्नास वर्षं गुप्त असतात आणि मग खुली होतात, म्हणून आज आपल्याला कुणी नाव सुचवलं होतं हे ठाऊक आहे.

दिल्लीपर्यंत जाण्याआधी राज्याचे दरवाजे आहेत आणि बारवीच्या परिसरासाठी ते जास्त जवळचे आहेत. आदिवासी विकास विभागाचे आदिवासी सेवक आणि आदिवासी सेवा संस्था पुरस्कार आहेत. आपल्या भागासाठी त्यांची विचारणा शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करावी. सामाजिक न्याय विभागाचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर समाजभूषण पुरस्कार आहे, महिला व बालविकास विभागाचा अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाचा पुरस्कार आहे, क्रीडा व युवक सेवा विभागाचा जिल्हा युवा पुरस्कार आहे. सरकारबाहेरही बरंच आहे. अमेरिकेतल्या मराठी माणसांनी 1978 मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र फाउंडेशनचे पुरस्कार साहित्याबरोबर समाजकार्यालाही दिले जातात, जमनालाल बजाज पुरस्कार गांधीविचारानं चाललेल्या रचनात्मक कामाला दिला जातो. यांच्या तारखा, वयोमर्यादा आणि नमुने बदलत असतात, तेव्हा त्या-त्या वर्षीची जाहिरात वाचूनच अर्ज भरावा. आणि ‘तुमची निवड झाली आहे, नोंदणीसाठी इतके रुपये भरा’ असा फोन आला तर तो पुरस्कार नव्हे. शाल, मानचिन्ह आणि प्रमाणपत्र विकण्याचा तो धंदा आहे आणि ग्रामीण भागातले भोळे कार्यकर्ते त्याला पुष्कळ बळी पडतात.

ज्याचं नाव सुचवायचं त्याला विचारावं लागतं, आणि ती भेट सोपी नसते. खरं काम करणारा माणूस बहुतेक वेळा ‘मी काय वेगळं केलं’ म्हणतो आणि विषय बदलतो. त्याच्याकडून इतिहास काढून घ्यायला बसू नये. त्याच्या शेजाऱ्यांकडे जावं, ज्यांना मदत झाली त्यांच्याकडे जावं. ग्रामपंचायतीचं दप्तर, शाळेची हजेरी, आरोग्य उपकेंद्राची वही यांत पुष्कळ काही सापडतं. ज्या पाड्यावरून चौथीनंतर एकही मूल पुढे जात नव्हतं तिथून आता किती मुलं दहावीला बसतात, हा आकडा शाळेत असतो. तो प्रस्तावात घातला की विशेषणांची गरज उरत नाही. काम एकट्याचं नसेल तर बाकीच्यांची नावंही लिहावीत. त्यानं प्रस्ताव कमकुवत होत नाही, उलट खरा वाटतो.

आणि एक जबाबदारी टाळू नये. माणसाबद्दल चौकशी करताना कानावर येणाऱ्या तक्रारीही तपासाव्यात. निधीचा हिशेब, घरातल्या वागणुकीबद्दलचं बोलणं, दाखल गुन्हे. पुरस्कार मिळाल्यावर हे बाहेर आलं तर त्या माणसापेक्षा त्या कामाचं आणि त्या वस्तीचं नुकसान जास्त होतं.

नावं हरवू नयेत यासाठी एक सोपी जागा आधीपासून आहे, ती म्हणजे ग्रामसभा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवशी ती भरते. वर्षभरात गावात कुणी कुणाचा जीव वाचवला, कुणी कुठलं काम तडीस नेलं, याचा ठराव नावानिशी इतिवृत्तात लिहून घेता येतो. त्या ठरावाची सही-शिक्क्याची प्रत पुढे कुठल्याही प्रस्तावाला जोडता येते, आणि दोन वर्षांच्या मुदतीत धावपळ करावी लागत नाही. शहरात हेच काम गृहनिर्माण सोसायटी, महिला बचत गट किंवा रिक्षा युनियनच्या सभेत करता येईल.

पहिल्या वर्षी नाव लागलं नाही म्हणून फाइल फेकून देऊ नये. पद्मसाठी दरवर्षी नव्यानं नामनिर्देशन भरावं लागतं. जुना मजकूर हाताशी असला की त्यात वर्षभरातलं नवं काम घालायचं, कमी पडलेला दाखला मिळवायचा आणि पुन्हा पाठवायचं. एक प्रत स्वतःकडे, एक ग्रामपंचायतीत आणि एक त्या माणसाच्या घरी असावी. त्याच्या मुलांना ती उपयोगी पडते.